पैनगंगेकाठचा परका मास्तर: महागाव परिसरातील बाहेरगावच्या शिक्षकांचा इतिहास

मराठीत ‘परमुलूख’ हा शब्द केवळ समुद्रापलीकडच्या देशांसाठी राखून ठेवलेला नव्हता. जिथे आपली बोली जशीच्या तशी चालत नाही, आपले नाणे वटत नाही आणि रात्री दार ठोठावावे असे ओळखीचे घर नसते, तो परमुलूख. मग तो घरापासून पन्नास कोसांवर असो की हजार. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील महागाव आणि त्याभोवतीचा पूस व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील टापू बाहेरून येणाऱ्या शिक्षकासाठी दीड शतक या अर्थाने परमुलूख राहिला, आणि त्यातील बराच काळ तर तो कायद्याच्या अर्थानेही परकाच होता. या टापूतील शिक्षणाचा इतिहास शाळांच्या संख्येतून किंवा निकालांतून सांगता येईल. परंतु ज्या माणसाने वळकटी आणि ट्रंक घेऊन इथे पाऊल ठेवले, त्याने कुठे राहावे, काय खावे आणि कोणत्या भाषेत बोलावे या प्रश्नांतून तो पाहिला, तर वेगळेच सत्य समोर येते. ते असे, की शिकवायला आलेल्याला इथे आधी शिकावे लागले, आणि ज्याने ते शिक्षण मनापासून घेतले त्याचीच शाळा गावाने आपली मानली.

महागावचा टापू आज तालुका म्हणून ओळखला जातो; ब्रिटिश अमदानीत मात्र तो पुसद तालुक्यात मोडत असे. त्याही आधी, मोगल काळातील वऱ्हाड सुभ्याच्या रचनेत, पैनगंगेच्या पलीकडचे माहूर हे सरकारचे, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, ठाणे होते आणि पुसदचा परगणा त्याच्याच कक्षेत येत असे. त्यामुळे नदीचे दोन्ही काठ एकाच कारभाराखाली नांदत होते. ही जुनी सलगता १८५३ मध्ये तुटली. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चापोटी त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले आणि या प्रदेशाला सरकारी कागदांत ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे ‘हैदराबादचे सोपवून दिलेले जिल्हे’, असे नाव पडले. कारभार इंग्रजांचा, पण सार्वभौमत्व निजामाचे, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले आणि १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका जुन्या वणी जिल्ह्यात घालण्यात आला. या जिल्ह्याचेच नाव तेव्हापासून यवतमाळ झाले. इतके होऊनही वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ या कायदेशीर संज्ञेत बसत नव्हते. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी मध्यवर्ती कायदेमंडळासाठी निवडलेल्या प्रतिनिधीची सरकारला औपचारिक ‘नेमणूक’ करावी लागे, कारण ब्रिटिश हद्दीबाहेरचा माणूस निवडणुकीने तिथे बसू शकत नव्हता. यवतमाळचे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी हे प्रतिनिधित्व केले. पुण्याहून किंवा रत्नागिरीहून इथे नोकरीला येणारा शिक्षक त्यामुळे मराठी मुलखातच राहत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने हद्द ओलांडून आलेला असे.

खरी हद्द मात्र महागावच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या पात्रात जाणवत असे. नदीपलीकडे निजामाचा प्रत्यक्ष अंमल होता. तिथे ‘हाली शिक्का’ हे हैदराबादचे स्वतंत्र चलन चाले, मालावर जकात घेणारे ‘करोडगिरी’ खात्याचे नाके असत आणि १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली होती. अलीकडच्या काठावर पूस नदी पैनगंगेला मिळते आणि पलीकडे माहूरचा रेणुकेचा डोंगर उभा राहतो. दोन्ही काठांवरचे शेतकरी एकाच देवीचे नवस फेडत होते, त्यांच्यात सोयरिकीही होत होत्या, पण मुलाच्या पाटीवरची लिपी आणि त्याच्या पुढच्या शिक्षणाची वाट मात्र तो कोणत्या काठावर जन्मला यावर ठरू लागली. अलीकडे मराठी शाळेतून इंग्रजीकडे जाणारी वाट होती. पलीकडे प्राथमिक वर्ग संपताच उर्दूचे वर्चस्व सुरू होई, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू केले.

सरकारी शाळा येण्यापूर्वी खेड्यापाड्यांतील शिक्षण ‘पंतोजी’ नावाच्या माणसाच्या हाती असे. पंतोजी म्हणजे ओसरीवर, देवळात किंवा चावडीत काही मुले जमवून मुळाक्षरे, मोडी वाचन, पाढे आणि हिशेब शिकवणारा खासगी गुरू. त्याची मुले धूळपाटीवर, म्हणजे बारीक माती पसरलेल्या फळीवर, बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवत. त्याचे वेतन सुगीतले धान्य, सणासुदीचा शिधा आणि थोडीफार रोकड असे मिळून होई. त्याच्या शाळेचे दार सर्व जातींना उघडे नव्हते आणि मुलींना तर त्या दाराशी जाण्याचेही कारण नव्हते, हे विसरता येत नाही. तथापि पंतोजी गावच्या धान्यावर जगत असल्याने गावाचे हवामान त्याच्या पोटाला कळत असे. पीक बुडाले की त्याचाही शिधा आटे. पुढे आलेल्या पगारी शिक्षकाला मिळालेले स्वातंत्र्य आणि त्याच्या वाट्याला आलेला परकेपणा या दोहोंचे मूळ या फरकात आहे.

वऱ्हाडात शिक्षणखात्याची रीतसर स्थापना १८६६ मध्ये झाली, आणि मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. या दोन घटना एकमेकींना लागून घडल्यामुळेच मुंबई इलाख्यातील शिकलेल्या तरुणांना वऱ्हाड आवाक्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाचे भाव भडकले होते, जमिनीची मोजणी आणि महसुलाची रयतवारी पद्धत मुंबईच्या धर्तीवर बसवली जात होती, कचेऱ्यांत कारकून आणि शाळांत शिक्षक हवे होते, आणि स्थानिक शिकलेली माणसे अजून थोडी होती. या ओघाबरोबर पुण्याकडून वऱ्हाडात आलेल्या शिक्षकांपैकी सर्वांत नावाजलेले म्हणजे विष्णु मोरेश्वर महाजनी. अकोल्याच्या हायस्कुलातील अध्यापनापासून वऱ्हाडच्या शिक्षणखात्यातील मोठ्या अधिकारापर्यंत त्यांची कारकीर्द या प्रदेशातच घडली, आणि १९०७ मध्ये पुण्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मात्र महाजनींचे नाव इतिहासात राहिले ते अकोल्यासारख्या रेल्वेकाठच्या गावामुळेही. पुसद भागातील खेड्यात नेमल्या गेलेल्या प्राथमिक शिक्षकाचे नाव शाळेच्या हजेरीपटापलीकडे गेले नाही. अशा शिक्षकाची खरी वाट अकोल्याला गाडीतून उतरल्यावर सुरू होई. तिथून वाशीमपर्यंतचा हिंगोलीच्या छावणीकडे जाणारा रस्ता, पुढे पुसद आणि मग पूसच्या खोऱ्यातील काळ्या मातीची बैलवाट, अशी ती कित्येक मुक्कामांची असे. पावसाळ्यात चिखलाने चाके धरली आणि नाल्यांना पूर आला, की नेमणुकीचा हुकूम खिशात असूनही रुजू होणे लांबणीवर पडे.

गावात पोचल्यावर पहिला प्रश्न निवाऱ्याचा असे. शाळेला स्वतःची इमारत असेलच असे नव्हते, मग शिक्षकाला घर कुठून असणार. पाटलाच्या वाड्यातील एखादी खोली, मारुतीच्या देवळाची पडवी किंवा कुणाची रिकामी छपरी, म्हणजे घराच्या पुढचा झाकलेला ओटा, एवढ्यावर संसाराचा आरंभ होई. कोकणातील उतरत्या कौलांखाली वाढलेल्याला धाब्याचे घर, म्हणजे लाकडी पाटणीवर माती थापून केलेले सपाट छपराचे घर, उन्हाळ्यात थंडावा देणारे म्हणून आवडे आणि पावसाळ्यात गळू लागले की रडवी. भाताची सवय असलेल्या पोटाला ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडीची आंबट भाजी आणि जवसाच्या तेलाची फोडणी रुळवून घ्यावी लागे. पैनगंगेच्या खोऱ्यातील दाट जंगल आणि साचलेले पाणी यांमुळे हिवताप पाठ सोडत नसे. बाहेरचा माणूस आजारी पडला की त्याला ‘पाणी लागले’ असे म्हणत, आणि या दोन शब्दांत वैद्यकापेक्षा समाजशास्त्र अधिक होते, कारण गावाचे पाणी पचले म्हणजे माणूस गावाचा झाला, अशी त्यामागची समजूत होती.

या परक्या माणसाला गावात स्थान मिळवून दिले ते शाळेपेक्षाही लेखणीने. अनेक खेड्यांत टपालाचे काम जोडधंदा म्हणून मास्तरांकडेच असे. मनिऑर्डरीचा फॉर्म भरणे, कचेरीतून आलेला कागद वाचून दाखवणे, सासरी गेलेल्या मुलीला पत्र लिहिणे आणि जनगणनेच्या वेळी घरोघर फिरून माणसे मोजणे ही कामे त्याच्याकडे आपोआप येत. परिणामी, ज्याला गावात कोणी नातलग नव्हता, त्याला गावातील प्रत्येक घरातील कर्ज, आजारपण आणि रुसवेफुगवे ठाऊक होऊ लागले. हे विश्वासाचे ओझे होते. ज्याने ते तोंड मिटून वाहिले त्याच्या दाराशी सुगीनंतर तुरीचे गाठोडे आणि पोळ्याला पुरणपोळी न मागता येऊ लागली, आणि पंतोजीच्या शिध्याची जुनी रीत पगारी काळातही मायेच्या रूपाने टिकून राहिली.

दुसरा आणि अधिक खोल प्रश्न भाषेचा होता. वऱ्हाडच्या शाळांत मुंबई इलाख्याच्या वळणाची मराठी पुस्तके आली, आणि त्यांच्याबरोबर पुण्याकडची प्रमाण मराठी हीच ‘शुद्ध’ ही धारणाही आली. गावात बोलली जाणारी वऱ्हाडी, जिच्यात पैनगंगेच्या निकटतेमुळे मराठवाडी वळणेही मिसळलेली आहेत, तिचे स्वतःचे नेमके व्याकरण आहे: ‘मला, तुला’ याऐवजी ‘मले, तुले’, चालू क्रियेसाठी ‘करून राहिला’, ‘का’ विचारताना ‘काहून’, आणि अनेक ठिकाणी ‘ळ’ या वर्णाऐवजी ‘य’. या शेवटच्या लकबीचा परिणाम शुद्धलेखनाच्या तासाला स्पष्ट दिसतो. शिक्षक ‘डोळा’ म्हणतो, मूल तो शब्द मनात स्वतःच्या आवाजात उच्चारते आणि पाटीवर ‘डोया’ उमटतो. ‘काळा फळा’ याचे ‘काया फया’ होते. नव्या शिक्षकाला ही चूक वाटते, परंतु मुलाने ऐकलेले इमानाने लिहिलेले असते. त्याच्या घरात आई, आजी आणि सारी आळी डोळ्याला डोयाच म्हणते. छडी घेऊन ‘ळ’ घोटवून घेणारे शिक्षक होते, आणि ‘घरी डोया, पुस्तकात डोळा’ असे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून देणारेही होते. दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकापुढे मूल गप्प बसत नाही, एवढा भेद पुरेसा बोलका आहे.

गावठाणाबाहेर, माळाच्या कडेला तांडा लागला की परमुलखातही आणखी एक परमुलूख सुरू होई. पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यात बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहतूक करणे, ज्याला ‘लदेणी’ म्हणत, हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. पक्के रस्ते आणि रेल्वे यांनी तो एकोणिसाव्या शतकात मोडून काढला, आणि ज्या रेल्वेने पुण्याचा शिक्षक वऱ्हाडात आणला, तिनेच बंजाऱ्यांचे तांडे माळरानावर कायमचे थांबवले. तांड्याचा कारभार नायक आणि कारभारी पाहत. घरे कुडाची, म्हणजे तुराट्यांच्या भिंतींना मातीचा गिलावा दिलेली असत. आणि भाषा गोरबोली, जी मराठीची नव्हे तर राजस्थानी कुळाची बहीण आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात वऱ्हाडीचा समावेश १९०५ च्या मराठीविषयक खंडात, तर बंजारा बोलीचा १९०७ च्या वेगळ्या भागात आहे. तांडा आणि गाव यांच्यातील अर्ध्या कोसाचे अंतर भाषाशास्त्राने असे दोन ग्रंथांत विभागले.

या बोलीत स्वतःच्या समाजातील माणसाला ‘गोर’ आणि बाहेरच्याला ‘कोर’ म्हणतात. तांड्यावर येणारा शिक्षक पहिल्या दिवसापासून कोर असतो. त्यात तिरस्कार नसतो, केवळ ओळख असते. वर्गात बसलेल्या मुलाची आई ‘याडी’ असते आणि रोजची भाकर ‘बाटी’ असते. बाटी म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला गव्हाचा गोळा अशी समजूत असलेला शिक्षक त्या शब्दापाशी हमखास फसतो. मराठीत नाम पुल्लिंगी, स्त्रीलिंगी किंवा नपुंसकलिंगी असू शकते, गोरबोलीत मात्र दोनच लिंगे आहेत. म्हणून ‘ते झाड’ म्हणावे की ‘तो झाड’, हा प्रश्न तांड्यावरच्या मुलापुढे निष्काळजीपणामुळे उभा राहत नाही, त्याच्या मातृभाषेच्या घडणीमुळे राहतो. वर्षानुवर्षे अशा मुलांना ‘ढ’ ठरवले गेले. प्रत्यक्षात ती परदेशी शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मुलाइतकीच अनोळखी भाषेत उभी होती. वर्गात एकटा शिक्षकच परका नव्हता, त्याच्यासमोर बसलेली मुलेही परकी होती, आणि हे ज्या शिक्षकाच्या ध्यानात आले त्याने पहिल्या महिन्यात पुस्तक बाजूला ठेवून मुलांकडूनच शब्द गोळा केले.

सणांच्या बाबतीतही हे शिक्षण अपुरे राहण्याचा धोका असे. तांड्यावर दिवाळीला मुली दिवे घेऊन घरोघर थोरांना ‘मेरा’ मागत, म्हणजे शुभेच्छा देत, फिरतात. परंतु बाहेरगावचा शिक्षक नेमका दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरी गेलेला असल्याने तांड्याचा हा सर्वांत हळवा सोहळा त्याला कित्येक वर्षे दिसतच नाही. होळी मात्र शाळेच्या दिवसांत येते, आणि डफावरच्या ‘लेंगी’ गीतांच्या फेरात शिक्षकाला हाताला धरून ओढले जाते.

शिक्षकाचा धनी कोण, हा प्रश्नही या काळात बदलत गेला. १८८५ च्या कायद्याने वऱ्हाडात ग्रामीण मंडळे आली आणि खेड्यातील शाळांचा कारभार हळूहळू लोकनियुक्त संस्थांच्या कक्षेत आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३७ नंतर काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. गावाने शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळेचा व शिक्षकाचा खर्च चालावा, ही तिची कल्पना होती, आणि तिच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र १९३८ मध्ये वर्ध्याला सुरू झाले. पगारी शिक्षकाला पुन्हा गावच्या मातीशी बांधण्याचा हा प्रयत्न होता. तो फार काळ टिकला नाही. याच वर्षांत नदीपलीकडच्या हैदराबाद संस्थानात शिक्षक होणे ही राजकीय कृती ठरत होती. तिथे खासगी शाळेला सरकारी परवानगी लागे, आणि तरीही विजापूर जिल्ह्यात जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ च्या सुमारास ब्रिटिश हद्दीतून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला गेले, पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले, आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने संस्थानातील मुक्तिलढ्याचे नेते झाले. परक्या मुलखात गेलेला शिक्षक त्या मुलखाचे सुखदुःख किती खोलवर स्वीकारू शकतो, याचे हे मराठी इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण आहे.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान संपले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा एकाच राज्यात आले, माहूरचा भाग असलेला किनवट तालुका आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला, आणि पैनगंगा ही केवळ दोन जिल्ह्यांमधली नदी उरली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून काम करू लागल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. ज्या समितीच्या शिफारशींवर ही रचना उभी राहिली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर १ जुलै १९१३ रोजी जन्मले होते. पुढे १९६३ ते १९७५ या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे स्वतःचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या निरनिराळ्या गावांत झाले, कारण तांड्यावर शाळा नव्हती. त्या पिढीत मुलाला शिक्षकाकडे चालत जावे लागे, आणि नंतरच्या पिढीत शिक्षक तांड्यावर पोचला. आश्रमशाळा, पुसदमधील महाविद्यालये आणि एकशिक्षकी शाळा यांमुळे या भागात स्थानिक शिक्षकांची पहिली फळी तयार झाली, आणि ज्याची मातृभाषा गोरबोली आहे असा शिक्षक फळ्यासमोर उभा राहिल्यावर ‘ते झाड’ आणि ‘तो झाड’ यांतील अंतर प्रथमच आतून समजावून सांगितले गेले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर आलेल्या ‘खडू-फळा’ मोहिमेने एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक, आणि तोही शक्यतो स्त्री, देण्याचे ठरवले. त्यामुळे परगावाहून येऊन एकटीने राहणारी शिक्षिका हा या इतिहासातील नवा आणि अधिक धैर्याचा अध्याय ठरला. तिच्यासाठी निवाऱ्याचा प्रश्न केवळ गळत्या छपराचा नव्हता. घरमालकिणीचा विश्वास, संध्याकाळची एसटी आणि दाराची कडी या तिन्हींचा होता.

सन २००० पासून सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा ३००० रुपये मानधनावर काम करावे लागे, आणि राज्यभरातून भरती होत असल्याने मराठवाड्यातील व पश्चिम महाराष्ट्रातील तरुण पुन्हा यवतमाळच्या खेड्यांत येऊ लागले. गावी परतण्यासाठी आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणे हा त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग झाला; २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयानंतर जिल्ह्यांतर्गत बदल्यांची प्रक्रियाही संगणकावर गेली. याच काळात उलट दिशेची एक वाट वाहत राहिली आहे. दिवाळीनंतर या पट्ट्यातील अनेक तांड्यांमधून कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे जातात आणि मुलांनाही बरोबर नेतात. उसाच्या मुलखातून आलेला शिक्षक रिकाम्या बाकांसमोर उभा असतो आणि त्याचे विद्यार्थी त्याच्याच गावाकडच्या फडात, पाचटाच्या खोपीत राहत असतात. दोघेही घरापासून दूर, एकमेकांच्या मुलखात. शिक्षकाला आपल्या एकटेपणाची जी भाषा कळलेली असते, तीच त्या मुलांच्या मनात शिरण्याची वाट होऊ शकते, आणि हंगाम संपून वैशाखात परतलेल्या मुलाला ‘आमच्या गावाकडचा ऊस कसा होता’ एवढे विचारणारा शिक्षक त्याला पुन्हा शाळेत बसवण्याचे निम्मे काम तेवढ्यावर करतो.

आता नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग महागाववरून जातो, अकोल्यापासूनची बैलवाट कुणाच्या आठवणीतही उरलेली नाही आणि पैनगंगा ओलांडताना नाणे बदलावे लागत नाही. हद्दी गेल्या, परकेपणा मात्र हद्दींबरोबर जात नाही, तो माणसाने माणसाची भाषा ऐकून घेतली की जातो. बंजारा समाजाच्या परंपरागत प्रार्थनेत गोर आणि कोर या दोघांचेही कल्याण मागितले जाते. आतल्याबरोबर बाहेरच्यालाही त्या मागणीत जागा आहे. १८६६ पासून या टापूत आलेल्या, नावे न उरलेल्या शिक्षकांची थोरवी एवढीच, आणि ती थोडी नाही, की त्यांच्यापैकी अनेकांनी ही जागा ओळखली, तिथे ते बसले, आणि पाटीवर ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलाला आधी बरोबर म्हणून मग त्यांनी त्याला ‘डोळा’ शिकवला.